काडी आमची, काटा त्यांचा



कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला वसईच्या केळी-नारळाच्या वाडीशी काय घेणेदेणे, असा प्रश्न हा मजकूर हातात घेताच पडेल. वसई-विरार म्हणजे मुंबईच्या लोकलच्या टोकाचा पट्टा. तिथे विहिरीला पाणी, दाराशी मुंबईची बाजारपेठ. आपल्याकडे पाऊस आला तर पीक आणि न आला तर कर्ज. तरीही या जिल्हा बैठकीच्या अंकात आम्ही वसईची गोष्ट मांडतो आहोत. ज्या मालाचा व्यापार उद्या तुमच्या बांधावर येऊन उभा राहणार आहे, त्या मालाचे सगळे गणित वसईच्या चार-चार गुंठ्यांच्या वाड्यांत उघडेनागडे दिसते.

तो माल म्हणजे काडी. आंबा-चिकूची छाटणी, नाशिकच्या द्राक्षबागेतून एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या छाटणीला निघणाऱ्या काड्या, नारळाच्या झावळ्या, आणि तुमच्या रानातली पऱ्हाटी. ही काडी जाळून वीज करायची, कारखान्याची वाफ करायची, कोळसा वाचवायचा, असे आता दिल्लीपासून सगळे सांगू लागले आहेत. सांगणारे एक वाक्य हमखास बोलतात: ‘शेतकऱ्याच्या कचऱ्यातून सोने.’

आमचे भांडण या वाक्याशी आहे. ज्या दिवशी आपल्या मालाला दुसऱ्याने ‘कचरा’ हे नाव दिले, त्या दिवशी भाव ठरून गेला. कचऱ्याला कुणी भाव देत नाही. कचरा उचलून नेणारा उपकार करतो.

वाडीतली काडी कुठे जाते

वसईची वाडी म्हणजे मिश्र बाग. केळी, नारळ, पानवेल, फुले, भाजीपाला, बांधाला आंबा, फणस, चिकू. या वाडीत पूर्वी काहीच कचरा नव्हता. केळीचे खांब चिरून पुन्हा वाफ्यात जात, कारण त्यात दहात नऊ भाग पाणी. ते जळणाच्या कामाचे नाहीत, मातीच्या कामाचे आहेत. झावळी चुलीत जाई, तिच्या हिरांचा खराटा होई. जाड फांदीला बेकरी, वीटभट्टी आणि स्मशान ही जवळची गिऱ्हाइके.

मग शहर आले. वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले. वाडी तिथेच राहिली, पण कायद्याच्या नजरेत तिची जात बदलली. २०१६ साली आलेल्या घनकचऱ्याच्या नियमांनी बागेतली छाटणी ‘उद्यान कचरा’ ठरवली. मालकाने ती आपल्याच जागेत वेगळी साठवायची आणि स्थानिक संस्था सांगेल तशी विल्हेवाट लावायची. काल जे सरपण होते ते आज कचरा झाले. शहराच्या गाडीत पडली, की फांदीची रवानगी गोखिवऱ्याच्या कचराभूमीकडे.

फांदी विकायची म्हटली तर दुसरे कायदे दारात उभे. राज्याच्या १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ बसलेले. नागरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा, आणि त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दाच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. स्वतः लावलेल्या, स्वतः पाणी घातलेल्या झाडाची फांदी टेम्पोत टाकून नेणाऱ्याने वाटेत सिद्ध करायचे, की आपण चोर नाही.

राहता राहिले जुने गिऱ्हाईक. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. मुंबईकराच्या फुप्फुसाबद्दल आमची तक्रार नाही. आम्ही एवढेच दाखवतो, की लाकडाचा एक जुना बाजार एका आदेशाने बंद होतो आणि लाकूड ज्याच्या बागेतून निघते त्याला कुणी विचारतही नाही. गिऱ्हाइके कमी झाली, विल्हेवाटीची सक्ती वाढली. अशा वेळी जो एकटा खरेदीदार दारात येतो, त्याच्या हातात काटाही असतो आणि भावही.

वसईकरांना हा अनुभव नवा नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी याच पट्ट्यातले गोडे पाणी टँकरने नव्या इमारतींना जाऊ लागले. विहिरी खारावण्याची वेळ आली तेव्हा हरित वसई संरक्षण समिती आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना रस्त्यावर उतरावे लागले. पाणी वाडीचे होते, भाव टँकरचा होता. उद्या काडी वाडीची असेल आणि भाव ट्रकचा असेल.

भट्टी किती खाते, वाडी किती देते

आता हिशेब मांडू. हिशेब केल्याशिवाय बोलू नये, ही आपल्या चळवळीची रीत आहे.

पालघर जिल्ह्यातच डहाणूला कोळशावरचे वीज केंद्र आहे. २५० मेगावॅटचे २ संच, एकूण ५०० मेगावॅट, १९९५-९६ पासून. भोवती चिकूच्या बागा. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. विरारपासून डहाणू रोड रेल्वेने साधारण ६४ किलोमीटर. म्हणजे भट्टीही जवळ आणि बागाही जवळ. कागदावर यापेक्षा सोयीची जागा सापडणार नाही.

५०० मेगावॅटचे केंद्र दिवसभर पूर्ण चालले तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. एका युनिटला ढोबळमानाने पाऊण किलोपेक्षा थोडा कमी कोळसा लागतो. दिवसाला सुमारे ८,००० टन. रेल्वेच्या एका मालगाडीत जवळजवळ ४,००० टन कोळसा बसतो, म्हणजे दोन गाड्यांत दिवसाचे काम भागते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये धोरण काढले, की कोळशाच्या केंद्रांनी कोळशात ५ टक्क्यांपासून शेतातल्या काडीच्या गोळ्या, ज्यांना पेलेट म्हणतात, त्या मिसळाव्यात. पुढे २०२३ मध्ये मुदत पुढे ढकलून २०२४-२५ पासून ५ टक्के असे ठरले. डहाणूच्या आकाराच्या केंद्राला ५ टक्के म्हणजे दिवसाला ४०० टन पेलेट.

४०० टन पेलेटसाठी ओली छाटणी किती लागेल? ताज्या फांदीत निम्मे पाणी असते. म्हणजे ७०० टनांच्या पुढे. मोकळ्या फांद्या टेम्पोत भरल्या तर टेम्पो वजनाने भरत नाही, आकारमानाने भरतो. एक घनमीटर मोकळी काडी १०० किलोही भरत नाही. तीच काडी बारीक करून, वाळवून, दाबून पेलेट केली की त्याच जागेत ६०० किलो बसते. एका खेपेला १ टन धरला तर रोज ७०० खेपा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईजवळ आजच गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. त्या कोंडीत हे ७०० टेम्पो डिझेल जाळत उभे राहणार, आणि त्यांच्यात भरलेले निम्मे वजन पाण्याचे.

एवढी छाटणी येणार कुठून? एकरी वर्षाला २ टन निघते असे उदार मनाने धरा. रोजच्या ७०० टनांना वर्षाला अडीच लाख टन लागतील, म्हणजे सव्वा लाख एकर बाग. वसई-विरार महापालिकेची सगळी हद्द घरे, रस्ते, खाड्या, मिठागरे आणि डोंगर धरूनही एवढी भरत नाही.

काळाचाही मेळ नाही. भट्टीला वर्षाचे ३६५ दिवस खायला लागते. आंब्याची छाटणी फळ उतरल्यावर, म्हणजे पावसाच्या तोंडावर. वसईत पावसाळ्यात काडी वाळत नाही, कुजते. द्राक्षाची काडी वर्षातून दोनदाच मोठ्या प्रमाणात निघते, शिवाय तिच्यात बांधणीची सुतळी आणि प्लॅस्टिक. आणि कधी काळ एकाच रात्रीत वर्षाची छाटणी करतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वाड्यांतली झाडे आणि केळी आडव्या झाल्या. त्या दिवशी लाकडाचा डोंगर होता, पण तो उचलायला रस्ता मोकळा नव्हता.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. काडीत उष्णता आहे का, हा प्रश्नच नाही. वाळलेल्या काडीत किलोमागे साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता असते, आणि आपला देशी कोळसाही बहुतेक याच घरातला. खरा प्रश्न गोळा करणे, बारीक करणे, वाळवणे, साठवणे आणि वाहून नेणे या पाच कामांचा आहे. या धंद्यात पैसा लागतो तो याच पाच कामांना. आणि ही पाचही कामे कुणाच्या माथी मारायची, यावर सगळे राजकारण आहे.

डोळा तुमच्या पऱ्हाटीवर

वसईत माल पुरत नाही. मग माल कुठे पुरतो? तुमच्या रानात.

कापसाच्या एका हेक्टरमधून २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. मुंबईच्या माटुंग्याला १९२४ पासून असलेली कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था पऱ्हाटीपासून फळ्या, विटा आणि पेलेट करण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे करते आहे. एकरी १ टन धरा. डहाणूएवढ्या केंद्राला ५ टक्क्यांसाठी वर्षाला दीड लाख टनांच्या आत-बाहेर माल लागेल, म्हणजे दीड लाख एकर कापूस. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात ४ लाख हेक्टरच्या वर, म्हणजे १० लाख एकर कापूस उभा असतो. वसईची वाडी जे देऊ शकत नाही ते अशा एका जिल्ह्याच्या पऱ्हाटीत सहज निघते. आणि चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, परळी ही केंद्रे तर तुमच्या उशालाच आहेत.

म्हणून सांगतो, पेलेटवाला वसईहून निराश होऊन परत गेला तरी तो घरी बसणार नाही. तो कापसाच्या पट्ट्यात येईल. तेव्हा आपण भाव सांगणारे असू की हात जोडणारे, एवढेच ठरवायचे बाकी आहे.

पऱ्हाटीबाबत आपला हात दगडाखाली कसा आहे ते त्याला ठाऊक असते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. तेव्हापासून कृषी खाते दर हिवाळ्यात सांगते, की फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पीक संपवा, पऱ्हाटी रानात आणि गावाजवळ रचून ठेवू नका, कारण तिच्यातल्या कैऱ्यांत अळी दबा धरून बसते. सल्ला बरोबर आहे. पण त्याचा बाजारातला अर्थ काय? विकणाऱ्याला मुदत आहे, घेणाऱ्याला नाही. तुम्हाला रान मोकळे करायचे आहे, तो एक आठवडा थांबला की तुम्ही पऱ्हाटी फुकट द्यायला तयार. पुढच्या वर्षी तो म्हणेल, ‘रान साफ करून देतो, एकरी अमुक पैसे तुम्हीच द्या.’

हे आम्ही हवेत बोलत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. कांदा तर माणसाच्या ताटातला माल. त्याची ही गत वाहतुकीने आणि कडत्याने केली. मग किलोला कांद्याहूनही हलक्या भावाच्या पऱ्हाटीची उलटी पट्टी यायला कितीसा वेळ?

सरकार भाव ठरवते आहे, पण कुणाचा? २०२३ साली केंद्राच्या ऊर्जा खात्याने पेलेटचा आधारदर ठरवायला घेतला, तोही हजार किलोकॅलरीमागे. दर पेलेटचा, म्हणजे कारखानदाराच्या मालाचा. बांधावरच्या काडीला त्यात किमान दर नाही. कापडाचा भाव बांधून द्यायचा आणि कापसाला ‘जे पदरी पडेल ते’ म्हणायचे, यातला हा प्रकार.

ओलाव्याचे हत्यार तर आपण चांगले ओळखतो. १९७२ पासून तीन दशके एकाधिकार खरेदीच्या केंद्रांवर बंड्यांच्या रांगा लावून आपण प्रतवारीचा आणि ओलाव्याचा जाच सोसला. काडीच्या काट्यावर हेच होणार. ‘ओलावा जास्त’, ‘माती लागली आहे’, ‘राख जास्त पडते’, ‘बॉयलरला चिकटते’. यातली काही कारणे तांत्रिक दृष्ट्या खरीही आहेत. शेतातल्या काडीच्या राखेत पोटॅश असते आणि ते भट्टीच्या नळ्यांवर थर धरते. पण खऱ्या कारणाचाही कडता होतो, जेव्हा मोजण्याचे यंत्र एकट्या खरेदीदाराच्या खिशात असते.

कडब्याला कुणी कचरा म्हणत नाही

या सगळ्यावर उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही. तो ज्वारीच्या रानात उभा आहे.

ज्वारी काढली की उरतो तो कडबा. शास्त्राच्या भाषेत तोही पिकाचा अवशेषच, पऱ्हाटीचा सख्खा भाऊ. पण कडब्याला ‘कचरा’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. कडबा शेकड्याने विकतो. पेंढ्या शेतात बांधल्या जातात, मोजणी शेतात होते, भाव शेतात ठरतो, घेणारा आपली गाडी घेऊन येतो आणि बहुतेक वेळा रोख देऊन जातो. दाणा स्वस्त झाला तरी कडब्याने घर सावरले, अशी कितीतरी वर्षे आपल्या वाट्याला आली.

कडब्याचे हे बळ कशात आहे? पहिले, घेणारे हजार आहेत, एक नाही. गवळी, शेजारी, दुष्काळी तालुक्यातला व्यापारी, छावणी. दुसरे, कडबा गंजी लावून वर्षभर ठेवता येतो, म्हणून आज नाही तर उन्हाळ्यात विकू असे म्हणायची ताकद विकणाऱ्याकडे आहे. तिसरे, पेंढी हे माप दोघांना दिसते, त्यात यंत्राची जादू नाही. चौथे, ओझे दाबून बांधायचे काम शेतातच होते, त्यामुळे त्याची किंमत शेतातच राहते.

आणि कडब्याचा भाव पडतो तो कधी? जेव्हा सरकार मध्ये पडते. दुष्काळात जिल्हाधिकारी चाऱ्याला जिल्हाबंदी करतात, जिल्ह्याबाहेर कडबा न्यायला मनाई होते, आणि नेमका जेव्हा भाव मिळायचा तेव्हाच शेतकऱ्याचे पाय बांधले जातात. बाजार मोडतो तो असा.

पऱ्हाटीला आणि वाडीच्या फांदीला कडब्याची रीत लावा, हा या लेखाचा सगळा सारांश आहे. काडी शेतातच बारीक होऊ द्या. ट्रॅक्टरला जोडायचे यंत्र गावात असेल, गावातल्या पोरांच्या किंवा बचतगटाच्या मालकीचे असेल, तर पऱ्हाटी उपटली त्याच दिवशी तिचा चुरा होतो. बोंडअळीचा आसरा मोडतो. चुरा लवकर वाळतो, थोड्या जागेत मावतो आणि पावसाच्या आत शेडखाली राहतो. मग पेलेटवाला आला नाही तर गुऱ्हाळवाला येईल, वीटभट्टीवाला येईल, जिनिंगवाला येईल. कुणीच आले नाही तर तोच चुरा रानात टाकून खत होईल. नाशिकचे अनेक द्राक्षबागायतदार काड्या यंत्राने बारीक करून वेलीच्या बुडाशीच टाकतात, ते वेडे नाहीत. खताच्या गोणीचा भाव पाहून त्यांनी हिशेब केला आहे. काडीचा सगळ्यात पहिला खरेदीदार आपली स्वतःची जमीन आहे. जो खतापेक्षा जास्त देईल त्यालाच काडी.

आधी दंड, मग भाव?

कुणी म्हणेल, ‘मग काय, बांधावर पेटवूनच द्यायची?’ नाही. जाळणे हा आपला छंद नाही. उपटणीची मजुरी, वाहतुकीचे भाडे आणि पुढच्या पिकाची घाई यांचा हिशेब बसत नाही म्हणून काडीपेटी निघते. जिथे भाव आहे तिथे कुणी जाळत नाही. कडबा पेटवलेला कुणी पाहिला आहे?

पंजाब-हरियाणाच्या भाताच्या पेंढ्याचे काय झाले ते पाहा. भाव आणि यंत्रे अपुरी, पण दंड मात्र पुरेपूर. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या राज्यांसाठी तो दुप्पट झाला. २ एकरांच्या आतल्याला ५,००० रुपये, २ ते ५ एकरांना १०,००० आणि त्यापुढे ३०,०००. शहराच्या धुराचे बिल शेतकऱ्याच्या नावावर. आज हे कोरडवाहू कापसाला लागू नाही. पण ज्या दिवशी काडी ‘कचरा’ ठरते, त्या दिवशी दंडाचे पुस्तक छापायला जाते. वसईच्या वाडीवाल्याला हे आधी कळले, तुम्हाला नंतर कळू नये म्हणून हा खटाटोप.

दुसरा आक्षेप असा येईल, की ‘या धंद्याने गावात रोजगार येतो, तुम्ही तो हाकलता.’ आम्ही कुठल्याही यंत्राच्या, कारखान्याच्या आणि तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. आमची चळवळ तंत्रज्ञान नाकारणारी नाही, बंधने नाकारणारी आहे. पेलेटचे १० कारखाने येऊ देत. एकमेकांवर चढाओढ करू देत. आमचा विरोध आहे तो एकट्या कारखान्याला तालुका आखून देण्याला. उसाच्या झोनबंदीत आणि कापसाच्या एकाधिकारात आपण हे भोगले आहे. काडीचा एकाधिकार आपल्याला नको आहे.

तिसरा आक्षेप सज्जन माणसे घेतील: ‘पृथ्वी तापते आहे, थोडी झीज सोसा.’ पृथ्वी तापली तर पहिला पाऊस चुकतो तो आपल्या रानात, हे आम्हाला कुणी शिकवू नये. पण कोळशाला खाणीवर भाव मिळतो, रेल्वेला भाडे मिळते, वीज कंपनीला दर मिळतो, पेलेटवाल्याला आधारदर मिळतो. साखळीतल्या प्रत्येकाने पैसे मोजून घ्यायचे आणि शेवटच्याने तेवढे पुण्य घ्यायचे, हा न्याय नव्हे.

बैठकीसमोरचे ठराव

जिल्हा बैठकीत चर्चेसाठी आम्ही पुढील मुद्दे ठेवतो आहोत.

१. शेतातून आणि बागेतून निघणारी काडी हा शेतमाल आहे. कोणत्याही नियमात तिला कचरा म्हणू नये.

२. काडीचा भाव बांधावरचा जाहीर व्हावा. पेलेटचा आधारदर ठरवताना उपटणी, गोळा करणे, बारीक करणे आणि जमिनीतून जाणाऱ्या खताची किंमत आधी धरावी. वाहतूक ज्याला माल हवा त्याची.

३. वजन वाळलेल्या काडीवर धरावे, ओलावा शेतकऱ्यासमोर मोजावा आणि त्याचे माप पट्टीवर लिहावे. कडता बंद.

४. कुणालाही राखीव क्षेत्र नको. काडी गावाबाहेर, तालुक्याबाहेर, जिल्ह्याबाहेर नेण्याची पूर्ण मोकळीक हवी. स्वतः लावलेल्या फळझाडाची छाटणी वाहून नेण्यावरचे परवाने रद्द व्हावेत.

५. ज्या गावात बांधावर खरेदी नाही त्या गावात काडीसाठी दंड नाही.

६. भट्टीतल्या काडीची राख शेतकऱ्याला परत हवी असेल, तर ती पहिल्यांदा त्याला मिळावी.

प्रत्येक गावाने बैठकीला येताना एक कागद आणावा. एक एकर पऱ्हाटी उपटायला किती मजूर लागले, मजुरी किती झाली, बांधापर्यंत ओढायला किती बंड्या लागल्या, वजन किती भरले, ट्रॅक्टरचे भाडे किती, आणि यंदा शेकडा कडब्याला गावात काय भाव निघाला. वसई-विरारच्या वाडीवाल्यांनी छाटणीच्या एका टेम्पोचा असाच हिशेब लिहावा. हे कागद एकत्र केले की काडीचा उत्पादन खर्च आपल्या हातात येईल. कापसाचा आणि ज्वारीचा खर्च आपण असाच मांडायला शिकलो, तेव्हा कुठे सरकारला उत्तर द्यावे लागले.

पेलेटवाल्याची गाडी गावात येण्याआधी हा कागद तयार हवा. भाव त्याने सांगायचा नाही, आपण सांगायचा. पटला तर त्याने काडी न्यावी. नाही पटला तर आपले रान आहेच, ते कधी कडता लावत नाही.